एक पाहुणा, दोन घरं : बेळगावच्या व्हिक्टोरिया काळातल्या घरांची गोष्ट

बेळगाव : १८९२ च्या ऑक्टोबर महिन्यात कोल्हापूरहून एक तरुण बंगाली संन्यासी बेळगावात आला. सामान बेताचंच, आणि सोबत कोल्हापूरच्या ओळखीतून मिळालेली एक चिठ्ठी. ती घेऊन तो सदाशिवराव भाटे वकिलांच्या रिसालदार गल्लीतल्या घरी उतरला आणि तीन दिवस राहिला. नंतरचे नऊ दिवस तो किल्ल्यात होता, जंगल खात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्या बंगल्यावर. तिथून रेल्वेनं गोव्याकडे गेला. पुढच्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत त्याचं नाव जगभर झालं. तो संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद.

बेळगावकरांना ही गोष्ट नवी नाही. स्वामीजींचा बेळगाव कॅम्पातल्या एस. महादेव अँड सन यांनी काढलेला फोटो अनेक घरांत भिंतीवर आहे. किल्ल्यातलं घर आज रामकृष्ण मिशनच्या आश्रमाकडे स्मारक म्हणून जपलेलं आहे.

पण या मुक्कामाकडे घरांच्या बाजूनं फारसं कुणी बघत नाही. बारा दिवसांत एकच पाहुणा एकाच गावातल्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हेच्या घरांत राहिला. एक पेठेतलं गल्लीचं घर, दुसरा साहेबी वळणाचा बंगला. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, आपल्या भागातल्या बहुतेक लहान शहरांत घरांचे हे दोनच मोठे नमुने होते. आज दोन्ही झपाट्यानं कमी होत आहेत. ती का पडतात, हे समजायचं तर आधी ती उभी कशी राहिली ते बघावं लागतं.

तेव्हाचं बेळगाव

इंग्रजांनी बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये पेशव्यांकडून घेतला. १८३६ मध्ये धारवाडपासून बेळगाव जिल्हा वेगळा झाला आणि हे गाव जिल्ह्याचं ठाणं बनलं. मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाला असलेलं, समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवरचं, हवेला थंड असं हे ठिकाण फौजेला मानवलं. पूर्वेला किल्ला, पश्चिमेला छावणी आणि दोन्हींच्या मध्ये गल्ल्यांची पेठ, असं गावाचं रूप तयार झालं. १९०१ च्या शिरगणतीत छावणी धरून लोकसंख्या ३७ हजारांच्या आसपास होती. आजच्या मानानं हे एखादं तालुक्याचं गाव.

पेठेत मराठी, कानडी, उर्दू, कोकणी बोलणारे व्यापारी, वकील, कारकून, कारागीर होते. छावणीत गोरे अधिकारी, देशी पलटणी आणि त्यांच्यावर पोट असलेले खानसामे, धोबी, शिंपी. दोन्हीकडची घरं गवंडी आणि सुतारांच्या स्थानिक हातांनीच बांधली. आराखडा मात्र दोन्हीकडे वेगळा होता.

गल्लीतलं घर

गल्लीतलं घर रस्त्याला चिकटून असतं. पुढे अंगण नाही, कुंपण नाही. रस्त्यावरून दोन-तीन पायऱ्या चढल्या की कट्टा. संध्याकाळी घरातली म्हातारी माणसं तिथं बसणार, येणारा-जाणारा तिथंच टेकणार. कट्ट्यावरून आत गेलं की सोपा. हा घराचा बाहेरचा भाग. वकिलाचं पक्षकार, सावकाराचं कूळ, मुलांचे मास्तर, सगळे इथवर. सोप्याच्या आत माजघर, त्याला लागून देवघर आणि स्वयंपाकघर, मागे न्हाणी, आड आणि परसू. वर माडी.

घर अरुंद आणि लांब असतं, कारण गल्लीवरचं तोंड महाग. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक. त्यामुळे बाजूला खिडक्या काढता येत नाहीत. मग उजेड आणि वारा आणायचा कसा? त्यासाठी मध्येच छोटा चौक उघडा ठेवायचा किंवा कौलांमध्ये काचेची कौलं बसवायची. चौकातून गरम हवा वर जाते, गल्लीतून थंड हवा आत ओढली जाते. पुढचं आणि मागचं दार एका रेषेत ठेवण्यामागे हाच हिशोब आहे.

घराचा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असतो. भिंत पुष्कळदा दगडाची किंवा मातीच्या भेंड्याची, आणि जाड. त्या जाडीतच कोनाडे, दिवळ्या, भिंतीतली कपाटं. स्वतंत्र फर्निचर जवळजवळ नसायचं, कारण भिंत हेच फर्निचर. जमीन शेणानं सारवलेली. रेल्वे आल्यावर ऐपतदार घरांत शहाबादी फरशी आली.

भाटे वकिलांचे चिरंजीव पुढे प्राध्यापक झाले आणि त्यांनी त्या मुक्कामाच्या आठवणी लिहून ठेवल्या. जेवण झाल्यावर पाहुण्यानं पान-सुपारी मागितली, वर तंबाखूही मागितला, तेव्हा घरातली मंडळी चकित झाली. संन्यासी आणि तंबाखू! गल्लीच्या घरात अशी गोष्ट झाकून राहत नाही. सोपा, माजघर आणि कट्टा यांच्यामध्ये फक्त एक उंबरा असतो. बघायला, ऐकायला, वाद घालायला शेजारीपाजारी जमतात. हे घर माणसांनी भरलेलं राहावं असंच बांधलेलं असतं.

बंगला

बंगल्याचा विचार नेमका उलटा. इथे घर मध्ये आणि मोकळी जागा चहूबाजूंनी. रस्त्यापासून दूर, कंपाउंडच्या आत, झाडांच्या सावलीत. शेजारी जितका लांब तितकं बरं.

‘बंगला’ हा शब्द मुळात बंगालमधल्या खेडुतांच्या झोपडीचा. उतरतं छप्पर आणि भोवती पडवी असलेली ती झोपडी युरोपियनांना उन्हापावसात सोयीची वाटली. त्यांनी ती मोठी केली, पक्की केली आणि देशभर नेली. तोच शब्द साहेबाच्या घराचा म्हणून आपल्याकडे रुजला. ‘व्हरांडा’ हा शब्द पोर्तुगीज वळणाचा, म्हणजे त्याचं नातं आपल्या शेजारच्या गोव्याशी. इंग्रजी घर म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, त्याची नावं अशी बंगाली आणि पोर्तुगीज निघतात.

बंगल्याचा आराखडा सरळ असतो. मध्ये बैठकीची मोठी खोली, तिच्या मागे जेवणाची. दोन्ही अंगांना झोपायच्या खोल्या आणि प्रत्येकीला जोडून न्हाणीघर. भोवती रुंद व्हरांडा. पुढे घोडागाडी थांबायला छपराखालची जागा, म्हणजे पोर्च.

जोतं चांगलं दोन-चार फूट उंच, कारण पावसाळ्यात जमिनीची ओल वर चढते आणि विंचू-सापाचंही भय. छत खूप उंच. गरम हवा वर जमते, ती बाहेर जायला भिंतीच्या माथ्याजवळ छोटी झरोकेवजा खिडकी, दोरीनं उघडायची. कौलांच्या खाली जाड कापड ताणून त्यावर सफेदी मारायची. कौलांतून पडणारी धूळ, किडे, पालापाचोळा त्यात अडायचा. बेळगावच्या थंडीसाठी काही बंगल्यांत शेकोटीची जागा आणि धुराडंसुद्धा असतं. कोकणातून वर आलेल्या माणसाला याचं नवल वाटतं.

व्हिक्टोरिया काळाची खूण मुख्यतः कडेला दिसते. छपराच्या त्रिकोणी तोंडाला लाकडाची कोरीव झालर, टोकदार कमानीच्या खिडक्या, रंगीत काचा, लाकडी पट्ट्यांची झडपं, ओतीव लोखंडाचे कठडे. हे नमुने इंग्लंडातल्या छापील पुस्तकांतून आले. तिकडे त्या काळात गॉथिक वळणाची लाट होती. बेळगाव कॅम्पातलं १८६९ मधलं सेंट मेरीज चर्च त्याच वळणाचं आहे. चर्चसाठी पाथरवटानं दगडात जे केलं, तेच बंगल्यासाठी सुतारानं सागवानात केलं.

मंगळुरी कौल आणि आगगाडी

या दोन घरांना जोडणारी एक वस्तू आहे : लाल मंगळुरी कौल.

आधी आपल्याकडे हातानं थापलेली नळीची कौलं होती. ती एकमेकांवर नुसती ठेवलेली असत. माकडं फिरली की सरकत, वारा सुटला की उडत. दरवर्षी पावसाआधी छप्पर चाळावंच लागे. शिवाय अशी कौलं दाट रचावी लागत, त्यामुळे छप्पर जड होई.

१८६५ मध्ये बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. साच्यात दाबून काढलेलं चपटं कौल, कडेला खाच आणि मागे आकडा. एक कौल दुसऱ्यात अडकतं आणि खालच्या रिपेला धरून राहतं. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं पुरतात. छप्पर हलकं झालं, लाकूड कमी लागू लागलं, गळती घटली.

पण मंगळूरचं कौल घाटावर आणायचं कसं? बैलगाडीनं आणलं तर वाटेत फुटणार आणि भाडं जबर. इथे रेल्वे उपयोगी पडली. १८८७ मध्ये सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोचली. त्याच सुमारास मुरगावहून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत येणारी पोर्तुगीज हद्दीतली लाइन तयार झाली. आता जहाजानं मुरगावला उतरलेला माल वाघिणीत भरून थेट वर येऊ लागला. कौलं, काच, लोखंडी गर्डर, रंगाचे डबे, सगळं. विवेकानंद १८९२ मध्ये बेळगावहून मडगावकडे गेले ते याच मार्गानं, आणि तेव्हा हा मार्ग जेमतेम चार वर्षांचा होता.

कौल स्वस्त झालं तसं ते गल्लीतल्या घरावरही चढलं. त्याच्यामागून बंगल्याची इतर लक्षणं आली. वकील, व्यापारी, सरकारी नोकर यांनी जुन्या घरांचे पुढचे भाग नव्यानं बांधले. माडीला लोखंडी कठड्याची गॅलरी, दारावर अर्धगोल रंगीत काच, माथ्यावर चुन्यात कोरलेलं साल. आत मात्र तेच माजघर, तेच देवघर, तोच आड. शहापूर किंवा खडेबाजारच्या बाजूला वर मान करून चाललं तर अशी घरं आजही सापडतात. पुढून साहेब, मागून वाडा.

मागचं दार

घराचा आराखडा म्हणजे कोण कुठून आत येणार याचा नियमच असतो. याबाबत दोन्ही घरं सारखीच कडक होती.

बंगल्यात स्वयंपाकघर मूळ इमारतीत नसे. धूर, आग आणि वास टाळायला ते मागे वेगळं बांधत. त्याच्या मागे नोकरांच्या खोल्यांची रांग आणि तबेला. न्हाणीघराला बाहेरून वेगळं दार असे. त्यातून भिस्ती पाणी आणी आणि मैला उचलणारा माणूस येऊन जाई. त्यानं घरातल्या कोणत्याही खोलीत पाय ठेवायचा नाही, अशीच ती रचना. बैठकीच्या भिंतीत एक भोक असे, त्यातून पंख्याची दोरी बाहेर व्हरांड्यात जाई. ती ओढणारा माणूस साहेबाला दिसत नसे, फक्त त्याचा वारा लागे.

गल्लीतल्या घरात हीच गोष्ट जातीच्या नियमानं होती. कोण कट्ट्यापर्यंत, कोण सोप्यापर्यंत, आडाचं पाणी कोण काढणार, मागच्या बोळातून कोण येणार, सगळं ठरलेलं. जुन्या घराचं कौतुक करताना हे बोळ आणि ही मागची दारं गाळून चालत नाही. कोरीव झालर जितकी त्या काळाची खूण, तितकीच तीही.

जांभा आणि चुना

आता ही घरं टिकली कशी, त्याकडे येऊ.

बेळगावच्या पश्चिमेला आणि खाली कोकण-गोव्यात जांभा मुबलक. गोव्यात त्याच्या कापलेल्या ठोकळ्याला चिरा म्हणतात. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो. उघड्या हवेत तो हळूहळू टणक होतो. त्यात लोह भरपूर, म्हणून रंग तांबडा. आणि तो सच्छिद्र असतो, म्हणजे पाणी पितो.

पाणी पिणारा दगड आणि वर्षाला सरासरी पन्नास इंचांच्या आसपास पाऊस. मग घर टिकावं कसं? त्याचं उत्तर चुन्यात आहे.

कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मुरवायचा, मग वाळू आणि विटांच्या पुडीबरोबर घाणीत मळायचा. घाणी म्हणजे गोल दगडी चर, त्यात बैलानं फिरवलेलं दगडी चाक. मिश्रणात ठिकठिकाणी गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची पद्धत होती. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि शेवटी पुन्हा दगडच बनतो. मात्र त्यात बारीक छिद्रं राहतात. पावसाळ्यात भिंत ओली होते, पाऊस सरला की ती ओल चुन्यातून बाहेर निघून जाते. जुने गवंडी म्हणतात, भिंतीला श्वास घेऊ दे. त्याचा अर्थ इतकाच आहे.

सिमेंट हे करू देत नाही. जांभ्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की बाहेरून ती चकाचक दिसते. पण जमिनीतून वर चढलेली आणि छपरातून उतरलेली ओल आत अडकते. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साचतात, दगडाचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो. दोन-चार पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि पडताना दगडाचा पापुद्रा घेऊन पडतो. भिंतीत घुसलेली तुळईची टोकं कुजतात, तिथे वाळवी लागते. मग घरमालक म्हणतो, घर जुनं झालं, पाडायला पाहिजे. वास्तविक त्या घराला वय नडलेलं नसतं, नडलेली असते ती शेवटची दुरुस्ती.

दुसरी चूक म्हणजे लाकडी माडी काढून त्याच भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकणं. मूळ भार खांबांवर होता, भिंत बऱ्याच ठिकाणी नुसती आडोशाला. तिच्यावर स्लॅबचं ओझं आलं की तडे जाणारच.

तिसरी चूक दिसत नाही, पण जास्त घात करते. दरवेळी रस्ता नव्यानं करताना जुन्यावरच थर चढतो. गल्लीचा रस्ता वर येत जातो आणि घराचं जोतं खाली जातं. पूर्वी तीन पायऱ्या चढून ज्या कट्ट्यावर जायचे, तिथे आता पावसाचं पाणी सरळ आत येतं.

कॅम्पातला कागद : घर तुमचं, जमीन सरकारची

पाऊस आणि सिमेंट यांच्याइतकीच घरं कागदामुळे पडतात. इथेही गल्ली आणि बंगला यांचे प्रश्न वेगळे आहेत.

देशभरातल्या छावण्यांत अनेक जुने बंगले ‘ओल्ड ग्रँट’ या प्रकारात मोडतात. कंपनी सरकारला छावणीत अधिकाऱ्यांसाठी घरं हवी होती, पण स्वतःचा पैसा घालायचा नव्हता. म्हणून खासगी माणसांना जागा देऊन सांगितलं, घर तुम्ही बांधा. जमीन मात्र सरकारचीच राहील. बंगालच्या फौजेसाठी १८३६ मध्ये निघालेला गव्हर्नर जनरलचा १७९ क्रमांकाचा आदेश यात सर्वांत प्रसिद्ध. मुंबई आणि मद्रासच्या फौजांसाठी त्याच धर्तीचे आदेश होते. अट अशी की सरकारला जागा हवी झाली तर एक महिन्याची नोटीस देऊन आणि इमारतीची किंमत चुकती करून ती परत घेता येईल.

व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या आधीच्या वर्षाचा हा आदेश आजही जिवंत आहे. वरच्या न्यायालयांनी अनेक प्रकरणांत ही अट मान्य केली आहे. ज्याच्याकडे असा बंगला आहे, त्याच्याकडे भिंती, दारं, कौलं आहेत, खालची माती नाही. बँक अशा मालमत्तेवर सहजासहजी कर्ज देत नाही. बांधकामात फेरफार करायचा तर परवानगी, विक्री करायची तर परवानगी. मोठा खर्च करावा तर उद्या नोटीस आली तर काय, ही धास्ती. परिणामी मालक डागडुजीच टाळतो. घर ना पाडता येत, ना जपता येत. महू, सिकंदराबाद, बेळगाव, कुठल्याही छावणीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हे दुखणं ओळखीचं आहे.

छावण्यांचे नागरी भाग वेगळे काढून शेजारच्या नगरपालिकांना जोडण्याचं धोरण केंद्रानं आता घेतलं आहे. हिमाचल प्रदेशातल्या योलपासून २०२३ मध्ये त्याची सुरुवात झाली. पण नागरी भागाबाहेरच्या बंगल्यांचा जमिनीचा प्रश्न त्यानं आपोआप सुटत नाही. म्हणून अशा घराबाबत कुठलाही व्यवहार करण्याआधी छावणीच्या जमीन नोंदवहीतला, म्हणजे जनरल लँड रजिस्टरमधला उतारा काढून पाहणं हे पहिलं काम. घरात पिढ्यान्‌पिढ्या राहतोय, घरपट्टी भरतोय, एवढ्यानं जमीन आपली ठरत नाही.

गल्लीतला कागद : हिस्से अनेक, चावी एक

गल्लीतल्या घराची जमीन आपलीच असते. तिथला घोळ वाटणीचा.

आजोबांच्या नावावर असलेलं घर. त्यांना चार मुलं, दोन मुली. त्यांची मुलं आज कुणी पुण्यात, कुणी पणजीत, कुणी वडोदऱ्यात, कुणी परदेशी. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात मुलींचा हक्कही मुलांच्या बरोबरीचा झाला. हे योग्यच झालं. पण कागदावर वारसांची नावं लावायचं काम बहुतेक घरांत तसंच पडून आहे. घरात एक म्हातारी काकू राहते किंवा कुलूप असतं. कौलं चाळायचा खर्च कुणी द्यायचा? हिस्सा सगळ्यांना हवा, पावती कुणालाच नको. दोन पावसाळे गेले की पाणी आढ्यातून आत येतं.

पुढचा टप्पाही ठरलेला. एखादा हिस्सेदार कंटाळून आपला वाटा बिल्डरला विकतो आणि बिल्डर उरलेल्यांवर दबाव आणतो.

इथे घराच्या वयाचेच दोन कायदे मदतीला येतात. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसानं विकत घेतला, तरी त्याला त्या घरात सहताबा मागण्याचा हक्क मिळत नाही. त्यानं वाटणीसाठी दावा केला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याचं चौथं कलम लागू पडतं. कुटुंबातला कुणीही हिस्सेदार तो वाटा घ्यायला तयार असेल, तर न्यायालय किंमत ठरवून तो त्यालाच देऊ शकतं. म्हणजे विवेकानंद रिसालदार गल्लीत राहून गेले त्याच्या पुढच्याच वर्षी झालेला कायदा आजही घर वाचवू शकतो. अट एकच : घरातला कुणीतरी पैसे घालायला तयार हवा आणि वारसांची नोंद सरळ हवी. प्रत्येक प्रकरणाचे बारकावे वेगळे असतात, त्यामुळे सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवावेतच.

पावसाआधी करायची कामं

जुनं घर सांभाळायला दरवेळी लाखांचा खर्च लागतो असं नाही. वेळेवर केलेलं छोटं काम पुष्कळ वाचवतं. जाणते गवंडी आणि सुतार सांगतात ते थोडक्यात असं :

मे महिना संपायच्या आत फुटकी कौलं बदला. एका फुटक्या कौलामुळे आधी रीप, मग वासा, मग तुळई जाते. जुनं कौल बदलताना त्याच मापाचं शोधा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा जुळत नाहीत.

दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ आणि वळचणीचे नळ साफ ठेवा. बहुतेक गळती कौलातून नसते, तुंबलेल्या पन्हळीतून असते.

जोत्याला लागून माती, विटा, लाकडं रचू नका. पाणी घरापासून दूर जाईल असा उतार ठेवा.

भिंतीचा गिलावा पडला तर तेवढाच भाग चुन्यानं भरा. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळणं कठीण झालंय, पण देवळांच्या जीर्णोद्धाराची कामं करणाऱ्यांकडे चौकशी केली तर मिळतो. भिंतीला रंगही चुन्याचाच द्या. हवा न जाऊ देणारा प्लॅस्टिकसारखा रंग सिमेंटच्या गिलाव्याइतकाच घातक.

आणि घराचे कागद, जुने फोटो, घरपट्टीच्या पावत्या, मोडीतले दस्त असतील तर तेही, एका ठिकाणी ठेवून त्यांची प्रत काढा. घराचा नकाशा नसेल तर तो मोजून काढून घ्या. घर उद्या राहिलं नाही तरी ते कसं होतं एवढं तरी पुढच्यांना कळेल.

थोर पाहुणा नसलेली घरं

किल्ल्यातलं ते घर वाचलं, कारण तिथे स्वामी विवेकानंद नऊ दिवस राहिले होते. रिसालदार गल्लीतल्या घराची ओळखही त्याच आठवणीनं टिकली. बाकीच्या शेकडो घरांत असा पाहुणा आला नाही. तिथे कारकून राहिले, शिक्षक राहिले, शिवणकाम करून मुलं शिकवणाऱ्या विधवा राहिल्या. तिथल्या कट्ट्यांवर एकीकरणाच्या सभांची चर्चा झाली. १९५६ मध्ये राज्याची हद्द बदलली, तेव्हा या घरांतली माणसं होती तिथेच राहिली.

अशा घरांना स्मारकाचा फलक मिळणार नाही. सरकारी यादीत ती येतीलच असं नाही, आणि यादी आली तरी कौलं चाळायला कुणी अधिकारी येणार नाही. ती राहतील की जातील हे त्यांच्या हिस्सेदारांवर आहे. यंदाच्या मेमध्ये पुण्या-पणजीहून सुट्टीला येणाऱ्यांनी गणपतीच्या वर्गणीसारखी एक वर्गणी घरासाठी काढली, एकाच्या नावावर बँकेत वेगळं खातं उघडलं आणि वारस नोंदीच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या केल्या, तर पुढचे दहा पावसाळे निघतील. तेवढ्या वेळात निवांत बसून ठरवता येईल की घर ठेवायचं, भाड्यानं द्यायचं की वाटून घ्यायचं. कुजलेल्या तुळईखाली उभं राहून ते ठरत नाही.